चार बोटं माया

मंगळवार, संध्याकाळ. इंदिरानगर.

कुकर लावायचाय, पण उठवत नाहीये.

जरमीनाचा वर्ग बंद झाला. अफगाणिस्तानातल्या तिच्या खेड्यात बायका तिच्या घरी जमायच्या आणि मी इथून, माझ्या शिवणक्लासातून, फोनवर त्यांना शिकवायचे. टेपवरचे आकडे वाचता वाचता त्या लिहायलाही लागल्या होत्या. आता गावातल्या मोठ्यांनी मनाई केली म्हणे. झालं.

मालिका बघून त्यांना हिंदी येते, म्हणून मीही हिंदीतच बोलायचे. फक्त शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतो, त्याला माझ्या तोंडून आपला ‘माया’ हाच शब्द जायचा. त्यांनी तोच उचलला.

दुपारी जरमीनाने फोटो पाठवला. लेकीसाठी शिवलेला शाळेचा काळा गणवेश, उलटा करून. आत चार बोटं माया! माझ्यातली मास्तरीण लगेच जागी. लिहिलं, “इतनी माया नहीं छोड़ते, सिलाई मोटी हो जाएगी.”

फोटोखाली तिचा आवाजही होता. तो नंतर ऐकला. “दीदी, बेटी छठी में है. आगे लड़कियों का स्कूल बंद. जब खुलेगा, ये बड़ी हो गई होगी. तब खोल दूँगी.”

चार बोटं. किती वर्षं मावतात चार बोटांत?

आणि मी काय लिहून बसले होते! पुसायला गेले, तर तिने ते वाचलंही होतं. उत्तर आलं होतं.

“कपड़ा इतना ही था, दीदी. नहीं तो और छोड़ती.”