रांगेतली जागा

मंगळवार, १२ एप्रिल १९३८ रोजी मालगाडीने आले ते असे: गुलाबी ग्रॅनाइटचा थडग्याचा जोडदगड, नग एक, किंमत पंच्याण्णव डॉलर. रेल्वेचे भाडे सात डॉलर वीस सेंट. स्टेशनपासून घोडागाडी दीड डॉलर. सगळा खर्च शिकागोला असलेला माझा मुलगा एमिल याने केला. दगडावर माझे दिवंगत यजमान कोनराड यांचे नाव आहे, शेजारी माझे नाव व जन्मसाल आहे, आणि मरणाचे साल कोरायला जागा कोरी सोडली आहे. ती कोरी जागा पाहिली आणि मी हे मृत्युपत्र लिहायला घेतले.

मी लिसेट केर्न, वय एकाहत्तर, राहणार एबेनफेल्ड, आयोवा, देवाला स्मरून लिहिते की माझे डोके ठिकाणावर आहे आणि मला कोणी भरीस घातलेले नाही. लिहू नकोस म्हणणारेच जास्त भेटले.

कलम पहिले, माझा देह. आमची वडीलधारी मंडळी धर्मासाठी जर्मनी सोडून इथे आली, तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात अकरा माणसे गेली. कोणाला उंचावर पुरायचे यावरून भांडण जुंपले. त्यावर ठरले की जो ज्या क्रमाने जाईल तो त्या क्रमाने निजेल. नवरा-बायको नाही, घराणे नाही. पाटी सगळ्यांची सारखी, पांढरी, वीतभर. तेव्हापासून आमच्याकडे प्रवचनकार आणि गुराखी शेजारी शेजारी आहेत, आणि अजून कोणाची तक्रार आलेली नाही.

कोनराड नवव्या रांगेत आहेत. त्यांच्या डावीकडे योसिप आहे, बाहेरून कापणीला आलेला मजूर. दोघांना एकाच आठवड्यात ताप आला आणि दोघांचे मी एकाच खोलीत केले. कोनराड गेल्यावर योसिपने विचारले, "बाई, मी गेलो तर मला कुठं टाकणार?"

"कोनराडच्या शेजारी."

"मालकांच्या शेजारी?"

"इथं मालक कोणी नसतं रे. पाणी पी."

दोन दिवसांनी तो गेला. त्याला मी शब्द दिलेला आहे.

आता एमिल लिहितो, "आई, बाबांच्या शेजारी एक परका मजूर, आणि तू कुठंतरी टोकाला? त्याला चार हात सरकवलं तर काय बिघडलं?" त्याने दफनभूमीच्या कमिटीलाही लिहिले आहे की योसिपला हलवा, सभाघराचे छप्पर मी नवे करून देतो. कमिटीचे बंधू वेंडेल माझ्याकडे येऊन म्हणाले, "लिसेटबाई, छप्पर गळतंय हो." मी म्हटले, "मग बादली ठेवा."

माझ्या वेळी जी जागा रिकामी असेल तीच माझी. योसिपला कोणीही हात लावू नये.

कलम दुसरे. लोकर गिरणीतला माझा हिस्सा सभाघराच्या छपरासाठी मंडळीला द्यावा. छपरापायी माणूस हलवण्याचे कारण आता राहिले नाही, हे वेंडेल यांना वाचून दाखवावे.

कलम तिसरे. माझे राहते घर म्हणजे पूर्वीचे तीन नंबरचे सामाईक स्वयंपाकघर. तिथे आम्ही सहाजणी रोज चाळीस माणसांचे रांधत होतो. सहा वर्षांपूर्वी सामाईक कारभार मोडला, घरोघरी चूल आली, आणि वाटणीत हे मला मिळाले. कलम पहिले मान्य असल्याचे एमिलने स्वतःच्या हाताने लिहून दिले तर घर त्याचे. नाही तर गावच्या शाळेचे.

कलम चौथे. तांब्याची मोठी कढई व बियाण्यांच्या पुरचुंड्याही शाळेला. गुलाबी दगड पालथा घालून मागच्या दारी पायरी करावी. चिखल फार होतो.

कलम पाचवे. शेजारीण ओटिली हिला काही देत नाही. वाटणीच्या दिवशी तिने नेलेला लांब दांड्याचा डाव हाच तिचा वाटा समजावा. परवा ती म्हणाली, "मेल्यावर तरी माझ्या शेजारी निजावं लागू नये म्हणून मुलानं दगड धाडला, होय ना?" मी म्हटले, "ते तू कधी जातेस त्यावर आहे." ज्याला काही मिळत नाही त्याला साक्षीदार होता येते, हे तिनेच मला सांगितले, आणि चष्मा घेऊन आली.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, मोठ्याने वाचला आणि सही केली.

लिसेट केर्न

साक्षीदार: ओटिली फाउट, शेजारीण. ऑगस्ट राइत्स, पोस्टमास्तर.

एबेनफेल्ड, १६ एप्रिल १९३८

एमिल, ही नक्कल तुझ्यासाठी. कमिटी मेच्या पहिल्या रविवारी बसते. रांगेत जागा राखून ठेवता येत नाही, पण गावात राहायला येता येते. बाबांच्या गावी निजावे असे तुलाही वाटत असेल तर तेही लिही. योसिपबद्दल हो की नाही, ते मात्र उलट टपाली कळव.