बाबांचा रविवारचा तास

प्रिय स्नेहा,

बाबा आता बरे आहेत, हे आधीच लिहिते, म्हणजे पुढचं तू घाबरत वाचणार नाहीस. गेल्या आठवड्यात त्यांना इथल्या साकेत नगरच्या मोठ्या हॉस्पिटलात ठेवावं लागलं होतं. तुला कळवायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातली होती. ती मी मोडते आहे, आणि खरं सांगायचं तर मोडताना मला थोडं बरंही वाटतंय.

तू पुण्याहून दर रविवारी व्हिडिओ कॉलवर त्यांना पायथनमध्ये प्रोग्राम लिहायला शिकवू लागलीस, तेव्हा लॅपटॉप मीच लावून द्यायचे. ते चष्मा पुसून, इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे, कारखान्यात साहेबासमोर बसावं तसे. मी चहा ठेवायला गेले की हातानेच खूण करायचे, मध्ये बोलू नकोस. स्नेहा, नेहरू नगरच्या शाळेत मी मुलांना हेच तर शिकवते. कॉम्प्युटरची टीचर त्यांच्या घरातच आहे, रोज त्यांना दलिया करून देते. पण ‘मंजू, मला शिकव’ असं ते कधी म्हणाले नाहीत. दूधवाल्याला, शेजारच्या मिश्राजींना, सगळ्यांना मात्र सांगून झालं, ‘छोटी वाली सिखाती है, पुणे से.’ मोठी वाली तिथेच भाजीची पिशवी घेऊन उभी असायची.

मग त्यांनी स्वतःच्या डोक्याने एक प्रोग्राम लिहिला. तुला रविवारी दाखवून चकित करायचं होतं म्हणून माझ्यापासूनही लपवला. सकाळी लॅपटॉप उघडला की तो विचारायचा, शुगरची गोळी घेतली का? इंग्रजी अक्षरांत ‘हो’ लिहिलं की ‘शाबास विलासराव’. दुसरं काहीही लिहिलं की ‘आधी गोळी घ्या’. तू तोवर त्यांना एवढंच शिकवलं होतंस: उत्तर जुळलं तर हे कर, नाहीतर ते. बाकीचं पुढच्या वेळी, असंही म्हणाली होतीस. तुझी चूक नाही. मी ती शोधायचा खूप प्रयत्न केला, सापडली नाही.

त्या सकाळी त्यांनी गोळी घेतली होती. पण सगळा जन्म भोपाळात गेलेला माणूस, ‘हो’च्या जागी ‘हां’ लिहून गेले. प्रोग्राम म्हणाला, आधी गोळी घ्या. हल्ली ते विसरतात, आणि ते त्यांना स्वतःलाच फार लागतं. वाटलं, आजही विसरलो. घेतली. मग नीट बघून ‘हो’ लिहिलं, तर पहिलं अक्षर मोठं, कॅपिटल पडलं. प्रोग्रामला तेही ओळखू येईना. पुन्हा घेतली. त्यात नाश्ताही न खाता तसाच झाकून ठेवलेला. मला शाळेत मिश्राजींचा फोन आला, ‘मैडम, बाबूजी पसीना-पसीना हैं, ठीक से बोल भी नहीं पा रहे.’ तुझ्या सत्यजित भावोजींनी ऑफिसातून थेट गाडी काढली. शुगर इतकी उतरली होती की नर्सने मशीन बदलून पुन्हा तपासली. सलाइन चढल्यावर शुद्ध आली, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या किती घेतल्या? तर आपले बाबा म्हणतात, ‘कॉम्प्युटरने सांगितल्या तेवढ्या.’ डॉक्टर हसले. मी बाहेर जाऊन रडले. आणि रडताना तुझाच राग येत होता, हेही लिहून टाकते.

घरी आल्यावर आधी मी वारांचे कप्पे असलेला गोळ्यांचा डबा आणला आणि तो माझ्या ताब्यात ठेवला. बाबा म्हणाले, प्रोग्राम पुसून टाक. मी नाही म्हटलं, त्यांच्याजवळ खुर्ची ओढून बसले आणि पहिल्यांदाच त्यांना शिकवलं. उत्तराच्या मागची-पुढची रिकामी जागा आधी छाटायची, ते काम स्ट्रिप करतो. मग सगळी अक्षरं लहान करायची, तो लोअर. मग होकाराचे शब्द एकत्र ठेवायचे, हो, हां, जी, घेतली, आणि नकाराचे वेगळे. दोन्हीकडे जे बसत नाही त्याला नकार समजायचं नाही. पुन्हा विचारायचं, उत्तर कळेपर्यंत. ‘असं होय!’ म्हणाले, आणि मग त्याला चकवायला बसले. सगळी अक्षरं मोठी करून पाहिली, मागे-पुढे मोकळी जागा सोडून पाहिली. शेवटी ‘बटाटा’ लिहिलं. प्रोग्रामने शांतपणे विचारलं, समजलं नाही, गोळी घेतली का? बाबा इतके मोठ्याने हसले, की आई गेल्यापासून तसं हसणं मी ऐकलंच नव्हतं. मला वाटलं, आता हा तास माझा.

हसणं ओसरल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, ‘मंजू, मला स्नेहाकडे राहायला जायचंय. तिला तूच विचार. ती नाही म्हणाली तर मला ते समोर ऐकून घेता येणार नाही.’ मी विचारलं, इथे काय कमी पडतं? म्हणाले, ‘कमी काही नाही गं. तुझ्याकडे मी पेशंट असतो. तिच्यासमोर बसलो की शिकणारा असतो.’ मी म्हटलं, आत्ता मीही शिकवलंच ना? तर माझा हात थोपटून म्हणाले, ‘छान शिकवलंस हो.’ मी वर्गात कच्च्या मुलांना म्हणते ना, अगदी तसं. म्हणून हे पत्र. फोनवर माझा आवाज मला दगा देईल. तू नाही म्हणावंस असं मला वाटतं, अगदी मनापासून वाटतं. तरी विचारते, नेशील का त्यांना? नेणार असलीस तर स्वतः ये आणि त्यांना तू सांग. इस्त्रीचे शर्ट मी भरून ठेवते.

तुझ्यावर अजून जळणारी, तरी तुझीच,
ताई