पदवीसाठी दिलेल्या सकाळी

बाबा,

परवा तुमच्या नातीने माझ्यासमोर मोबाईल धरला. तिला नोकरी करता करता ऑनलाइन पदवी करायची आहे. घरीच बसून, रोज दोन तास, तीन वर्षं. "आई, फीस तर दिसतेय इथे, पण एवढीच असते का? परीक्षेची वेगळी, फारमची वेगळी. पूरा खर्च किती येतो ते आधी समजून घेऊ या," म्हणाली. हुशार आहे. तिच्याहून लहान असताना मी एका माणसाला अशाच अभ्यासाला बसवलं होतं आणि मला हा प्रश्न सुचलासुद्धा नव्हता. मी "बघू" म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच नळ सोडून उभी राहिले. आज दुपारी घरात कुणी नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्ही गेल्यावर पहिल्यांदाच.

त्या वर्षांकडे वळलं की आधी तुमचा आवाज ऐकू येतो. काशीतल्या रामघाटावरच्या आपल्या दोन खोल्या. गंगेवरून अंघोळ करून तुम्ही येता, ओला पंचा दोरीवर टाकता, खिडकीशी आसन घालता आणि काल जिथे संपलं त्याच्या पुढचा अध्याय सुरू करता. रोज एक, हीच तुमची आवृत्ती. चौसष्ट दिवसांत ऋग्वेदाची एक फेरी पूर्ण व्हायची, आणि पासष्टाव्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. समोर पोथी नसे. आठव्या वर्षी गुरूंच्या घरी राहायला गेलात तेव्हापासून ते सगळं तुमच्या तोंडात होतं. आईला सकाळी घड्याळ लागत नसे. अध्याय निम्मा झाला की ती भात टाकायची, आणि शेवटच्या ऋचा आल्या की मला हलवायची, "ऊठ गं, बाबांचं होत आलं." त्यातला एक शब्द मला कळत नव्हता. पण तुम्ही कुठवर आलात ते मात्र झोपेतही कळायचं.

मग तुम्ही सायकल काढून रामनगरला निघायचात, पिंपांवर तरंगणाऱ्या पीपा पुलावरून. पावसाळ्यात तो पूल उचलला की नावेतून. तिथल्या एका संस्कृत शाळेत तुम्ही मुलांना वेद शिकवत होतात, अकरा वर्षं, कच्च्या नोकरीवर. दरवर्षी जूनमध्ये ती नोकरी संपायची आणि जुलैत पुन्हा मिळायची. त्या वर्षी शाळेच्या मॅनेजरसाहेबांनी तुम्हाला बोलावून सांगितलं, "गुरुजी, आप जैसा विद्वान पूरे बनारस में नहीं मिलेगा, पर अब कागज़ चाहिए." पदवीधर असलेल्यालाच पक्कं करायचं, असा काहीतरी नवा नियम आला होता. तुम्ही घरी येऊन हे सांगितलंत ते हसत. "दशग्रंथ पाठ केले, एक कागद राहिला." आई हसली नाही. मी तर मुळीच नाही. मी नुकतीच कॉलेजात जाऊ लागले होते आणि जगात कशाला काय लागतं ते मला सगळं कळतं, अशी माझी खात्री होती.

पत्राद्वारे पदवी देणाऱ्या विद्यापीठाचं माहितीपत्रक मीच आणलं. शाळेचा दाखला नसलेल्यांसाठी आधी एक प्रवेश परीक्षा होती, ती तुम्ही दिलीत. मग एक दिवस डाकिया भलंमोठं पार्सल घेऊन जिना चढून आला. त्यात चाळीसेक पुस्तिका होत्या. तुम्ही हात धुऊन आलात, पार्सलला नमस्कार केलात आणि मग दोरी सोडलीत. अठ्ठेचाळीस वर्षांचे होतात तुम्ही. अर्थशास्त्राची पुस्तिका उलटी-सुलटी करून पाहिलीत आणि म्हणालात, "एवढं सगळं पाठ करायचं?"

"पाठ नाही हो करायचं बाबा, समजून लिहायचं."

"समजलेलं लिहायचं कशाला? समजलं तर झालं की."

मला तेव्हा ते वेडगळ वाटलं होतं. इंग्रजी तुम्ही तुमच्या पद्धतीने शिकलात. क्रियापदांची रूपं मी लिहून दिली, तर दुसऱ्या दिवशी खिडकीतून सूर ऐकू आला, "गो वेंट, वेंट गो, गो वेंट. वेंट गॉन, गॉन वेंट, वेंट गॉन." तुम्ही त्यांना वेदातल्या शब्दांसारखं पुढे-मागे गुंफून, उदात्त-अनुदात्त लावून म्हणत होतात. आई आणि मी एकमेकींना धरून हसलो. तुम्हीही हसलात, पण थांबला नाहीत. सगळ्यांत अवघड तुम्हाला कोणता विषय गेला असेल, तर तो संस्कृत. उषेच्या सूक्तांमधल्या काव्यसौंदर्यावर तीनशे शब्द लिहा, असा स्वाध्याय होता. तुम्ही कोऱ्या कागदापुढे दोन दिवस बसलात. शेवटी मला म्हणालात, "सूक्त म्हणून दाखवतो. त्याच्यावर तीनशे शब्द कुठून आणू?" ते तीनशे शब्द मी लिहिले. कॉलेजच्या वाचनालयातून एक पुस्तक आणलं आणि त्यातून उतरवले. त्या स्वाध्यायाला चांगले गुण पडले. ते पाहून तुम्ही तो स्वाध्याय पुस्तिकांच्या तळाशी ठेवून दिलात.

पहिल्या वर्षी इंग्रजीत नापास झालात. तेव्हा मी ते वाक्य बोलले. पुस्तिका तुमच्यासमोर ठेवून, अगदी मास्तरणीसारखी. "बाबा, शाळेतून थकून आल्यावर अभ्यास होतो का? सकाळी डोकं ताजं असतं. सकाळीच बसा."

तुम्ही म्हणालात, "सकाळ आवृत्तीची आहे."

"ते तर येतंच तुम्हाला. चाळीस वर्षं झाली. ते काय विसरणार आहात थोडंच!"

तुम्ही माझ्याकडे जरा वेळ पाहिलंत. रागाने नाही. लहान मुलाने काही विचारल्यावर पाहावं तसं. "अगं, येतं म्हणजे काय? रोज म्हणतो म्हणून येतं."

मी काय उत्तर दिलं ते आता आठवत नाही, पण मीच जिंकले असणार. कारण पुढच्या सोमवारपासून आपल्या घरातली सकाळ गप्प झाली. तुम्ही त्याच आसनावर, त्याच खिडकीशी बसायचात, मांडीवर पुस्तिका घेऊन, ओठ मिटून. पहिल्या आठवड्यात आईचा भात दोनदा लागला. तिने शेजारणीकडून एक जुनं गजराचं घड्याळ आणलं आणि कपाटावर ठेवलं. तुम्ही आवृत्ती पूर्ण सोडली नव्हतीत. रविवारी म्हणायचात, कधी सायकलवर म्हणायचात. पण चौसष्ट दिवसांची फेरी आता वर्षभरात संपेना. मला त्यात काही गेल्यासारखं वाटलंच नाही. मला पुढच्या परीक्षेची तारीख दिसत होती.

दुसऱ्या वर्षीच्या चैत्रात अहिल्याबाई घाटाजवळ एका मराठी घरी वसंतपूजा होती. वैदिकांना बोलावून मंत्र म्हणवून घ्यायचे, नंतर दूध आणि दक्षिणा. दरवर्षी तुम्हाला पहिलं निमंत्रण असायचं. आई आणि मी आतल्या खोलीच्या दारात बसलो होतो. तुमच्यासमोर काका होते, गुरूंच्या घरी तुमच्याबरोबर शिकलेले, गायघाटाचे. एकाने ऋचेचा अर्धा भाग घनपाठात, शब्द पुढे-मागे गुंफत म्हणायचा, दुसऱ्याने पुढचा उचलायचा, असं चाललं होतं. किती सुरेख चाललं होतं! काकांचा भाग संपला. तुम्ही उचललात, दोन शब्द पुढे गेलात, मागे आलात, पुन्हा पुढे गेलात आणि थांबलात.

तुम्ही श्वास घेतला असेल असं मला वाटलं. मग तुमची पाठ दिसली. ताठ होती ती पाठ, पण मानेखाली काहीतरी खचल्यासारखं झालं होतं. काकांनी एक क्षण वाट पाहिली आणि तुमचा भाग स्वतःच उचलून पुढे नेला, जणू तसंच ठरलं होतं. यजमानांनी तुम्हाला इतरांसारखाच नारळ दिला, इतरांसारखंच दूध दिलं. आईने माझा हात इतका घट्ट धरला होता की तिच्या बांगडीचा वण माझ्या मनगटावर उठला.

आपण घाटाघाटाने चालत घरी आलो. आई पुढे होती. मी म्हटलं, "बाबा, एखादा शब्द कुणाचाही राहतो."

"एखादा नाही गं." तुम्ही नदीकडे पाहत चालत होतात. "गेले सहा महिने बघतोय. शोधायला जातो तर तिथे काही नसतं. जिना उतरताना पायरी नसावी तसं."

"मग सोडून देऊ या का ही परीक्षा?"

"दोन वर्षं झाली. आता सोडली तर हेही गेलं आणि तेही."

त्यानंतर तुम्ही कुठल्याच वसंतपूजेला गेला नाहीत. निमंत्रण आलं की घसा बसलाय म्हणून सांगायचात. आधी लोक काळजीने विचारायचे, मग विचारेनासे झाले. एकूण चार वर्षं लागली. तृतीय श्रेणीची पदवी टपालाने आली. आईने देवापुढे साखर ठेवली आणि तुम्ही ती सुरळी एकदा उघडून वाचून, पुन्हा गुंडाळून मॅनेजरसाहेबांकडे घेऊन गेलात. नोकरी पक्की झाली. जूनची धास्ती संपली. माझं लग्न झालं. मुलाकडच्यांनी "वडील काय शिकलेत?" असं विचारलं तेव्हा मला एका शब्दात उत्तर देता आलं. हे सगळं मिळालं, बाबा. मी ते नाकारत नाही. तुमच्या त्या कागदाने आपलं घर उभं राहिलं.

पण मी माहेरी आले की तुम्हाला खिडकीशी बसलेलं बघायची. हातात छापील पोथी. आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही पोथीत बघून म्हणत होतात, बोटाने ओळ धरून, विद्यार्थ्यासारखे. मी आत आले की पोथी मिटायचात. सत्तावन्नाव्या वर्षी छातीच्या दुखण्याने गेलात, चार दिवसांत.

तेराव्याला काका आले होते. जेवणं झाल्यावर मला बाजूला बोलावून म्हणाले, "तुला एक सांगायचं आहे. त्याने सांगू नको म्हटलं होतं, पण आता कुणासाठी लपवायचं?" मग त्यांनी सांगितलं. पदवी आल्यानंतरची तीन वर्षं, दर रविवारी, तुम्ही त्यांच्याकडे जात होतात. घरी सांगायचात, शाळेचं जास्तीचं काम आहे. आणि तिथे खालच्या आसनावर बसून तुम्ही त्यांच्याकडून पुन्हा संथा घेत होतात. काका एकदा म्हणायचे, तुम्ही दोनदा म्हणायचात. ते तुमच्याहून दोन वर्षांनी लहान. "मी म्हटलं, अरे, समोरासमोर बसू. तर म्हणायचा, शिकायला आलोय, खालीच बसणार."

मी विचारलं, "किती परत आलं होतं, काका?"

"बावीस अध्याय. पुढे त्याला दम लागायला लागला." मग ते म्हणाले, "चुकला की हसायचा. एकदा म्हणाला, लहानपणी गुरुजींनी दिलं तेव्हा फुकट मिळालंय असं वाटलं होतं."

मुलीला काय सांगू, बाबा? शिकू नको असं मी म्हणणार नाही. तुम्हीही म्हणाला नसतात. तिच्या दोन तासांच्या जागी आत्ता काय आहे, एवढंच तिला विचारीन म्हणते. कदाचित तिथे काहीच नसेल. कदाचित असेल, आणि ते तिलाही दिसत नसेल.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, गंगेत सोडणार नाही, कुणाला वाचून दाखवणार नाही. म्हणून आता ते लिहिते. त्या वसंतपूजेच्या आधीच्या थंडीत मॅनेजरसाहेब आपल्या घरी आले होते. तुम्ही बाहेर होतात, आई देवळात. दारातच उभं राहून ते मला म्हणाले होते, "गुरुजी से कहना, पुराने वैदिकों को शायद बिना डिग्री के भी छूट मिल जाए. पक्का नहीं है, पर एक अर्ज़ी दे दें." मी हो म्हटलं. तुम्हाला सांगितलं नाही. त्यातून काही झालंही नसतं कदाचित. पण अर्जसुद्धा केला गेला नाही. मी विसरले, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. मी विसरले नव्हते. मला पदवीधर वडील हवे होते.