ओल्या फरशीवर पाय देऊ नये

सोमवार, ३ तारीख

लिहितेस ना गं? की वही काढलीस आणि पेन कुठे ठेवलं तेच विसरलीस? केसांत चाचपून बघ, तिथेच खोचलेलं असेल. आजी मी, आणि आठवणसुद्धा मीच ठेवायची. असो. मी फोनमध्ये बोलून ठेवते, तू ऐकून जसंच्या तसं उतर. सुपरवायझर मॅडमचा हुकूम आहे: नव्या माणसाने रोज काय शिकलं ते रोजनिशीत लिहायचं आणि महिनाअखेर दाखवायचं. मी म्हटलं, मला अक्षर येत नाही. त्या म्हणाल्या, नातीला येत असेल की. म्हणजे नोकरी मला आणि गृहपाठ तुला.

ऑफिसातला पहिला दिवस मजेत गेला. निळा सदरा मिळाला, त्याला चांगले खोल खिसे आहेत. आणि जिन्याखालची खोली मिळाली! खिडकी आहे, कडी आतून लागते. पलंग टाकला की चालायला जागा उरत नाही, पण चालायचंय कुणाला? तुझ्या बापाच्या घरी कोचावर झोपायचं म्हणजे टीव्ही निजेल तेव्हा मी निजायचं. तुझी आई वाईट नाही, हे आधी लिही. पण सकाळी मला ओलांडून बादली नेते, जसं काही मी उशी आहे. महिनाभर काम नीट केलं तर नोकरी पक्की आणि खोली माझी. नाही तर पुन्हा कोच.

शिकले ते असं: वरून खाली पुसत यायचं, आधी कपाटाचा माथा, मग टेबल, शेवटी फरशी. फरशी आतल्या भिंतीपासून दाराकडे, मागे मागे सरत पुसायची. ओल्यावर पाय द्यायचा नाही. मॅडम हे मला करून दाखवत होत्या. जन्मभर मी काय फरशीवर नाचत होते? पण मान डोलावली. हे वाक्य गाळ, त्या वाचतील.

मंगळवार, ४ तारीख

लाल फडकं संडासाचं, निळं टेबलांचं. दोन बाटल्यांतलं औषध एकत्र ओतायचं नाही, वाफ डोळ्यांत जाते. बाटल्यांवरचं मला वाचता येत नाही, म्हणून मी झाकणांचे रंग पाठ केले. समजलं नाही तर विचारा मावशी, लाजू नका, असं मॅडम म्हणाल्या. दुसऱ्यांदा विचारलं तर कपाळाला आठ्या.

सगळ्यात वरच्या मजल्यावर सभेचा हॉल आहे. काळी गुळगुळीत फरशी, एकच दार, खुर्च्या भिंतीशी रचलेल्या. दुपारी साहेबलोक जेवायला गेले की तो माझा. मन लावून पुसला, बाहेर पिवळी पाटी उभी केली, सरबत प्यायल्यासारखं गार वाटलं. तेवढ्यात मॅडम आल्या, आत डोकावल्या आणि विचारलं, काल काय शिकवलं होतं? ओल्यावर पावलं उमटली होती. अनवाणी, ठसठशीत, मधोमध. मी म्हटलं, माझी नव्हेत. त्या म्हणाल्या, मग काय खुर्च्यांची?

पुन्हा पुसला.

बुधवार, ५ तारीख

पुन्हा पावलं. आज मॅडमनी मला रबरी बूट दिले, बदकासारखी चालते त्यात. बूट घालून पुसलं तरी ठसे अनवाणीच. तर म्हणे, तुम्ही बूट काढून आत गेलात. मी त्यांना पाऊल काढून दाखवलं. माझं पाऊल बघ कसं, पोळपाटासारखं सपाट, अंगठा वाकडा. फरशीवरचं पाऊल नाजूक, मधे कमान. त्या म्हणाल्या, मावशी, मला पायांचं प्रदर्शन नको, फरशी हवी.

तीनदा पुसला. कंबर बोलायला लागली, आणि तिची भाषा तुला लिहायला सांगणार नाही.

शुक्रवार, ७ तारीख

काल पुसून झाल्यावर दारातच ठिय्या मारला. कोण येतं बघतेच म्हटलं. मुंगीसुद्धा आत गेली नाही. ठसे होतेच. आज रागारागाने गुडघ्यावर बसून ते नीट पाहिले, आणि गंमत कळली. म्हणजे गंमत नाही, पण कळलं. बोटं आतल्या भिंतीकडे आणि टाचा दाराकडे. आणि भिंतीजवळचे ठसे विरत आलेले, दाराजवळचे ताजे. म्हणजे चालणारी भिंतीपासून दाराकडे आली, पण तोंड भिंतीकडे ठेवून. असं कोण चालतं? आपणच चालतो. फरशी पुसणारी.

भुताचे पाय उलटे असतात म्हणतात. हिचे सरळ आहेत, चालणंच उलटं आहे, ते आमच्या कामातलं. मला तर मेलीचा आधी रागच आला. पुसायचंच आहे तर ठसे तरी ठेवू नकोस!

मॅडमना सांगितलं. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि वय विचारलं. वय विचारलं की समजावं, लक्षण ठीक नाही.

शनिवार, ८ तारीख

फाटकावरच्या वॉचमनला विचारलं, माझ्या आधी हॉलवर कोण होतं. तो आधी पेपर वाचत राहिला. मग म्हणाला, होती एक मावशी, फार टापटीप, कधी कुणाला वर तोंड करून बोलली नाही. एका दुपारी हॉल पुसायला वर गेली. खाली उतरलेली त्याने पाहिली नाही. चपला दाराबाहेर राहिल्या, त्या अजून त्याच्याकडे आहेत, कुणी न्यायला आलं नाही. मी विचारलं, शोधलं नाही का रे कुणी? तो म्हणाला, मॅडम वर बघून आल्या, म्हणाल्या हॉल चकाचक आहे, ती काम करून गेली.

चकाचक आहे. झालं.

तू म्हणतेस परत ये. आणि कोचावर बस, हो ना? नाही येत. माझी खोली आहे, मी का सोडू? तिने सोडावं.

सोमवार, १० तारीख

आज तिच्याशी बोलले. म्हटलं, बाई गं, तुझं दुःख मोठं असेल, पण माझा महिना घालवू नकोस. नुसता पोछा सरकल्याचा आवाज, माझ्या पोछ्याच्या जोडीने. मी थांबले की तोही थांबतो.

पूर्वी ठसे मधोमध असायचे. आज माझ्या अगदी शेजारून. खांद्याला गार लागलं.

मॅडमनी शेवटचं सांगितलं. परवा साहेब हॉल बघणार आहेत, एक जरी ठसा दिसला तरी खोलीची किल्ली टेबलावर ठेवायची.

मंगळवार, ११ तारीख

युक्ती सुचली. हसू नकोस. ती आतल्या भिंतीपासून निघते, कारण मी तिथून निघते. उद्या उलटं करायचं. दारापासून सुरुवात, आत सरत जायचं, आणि शेवटी तिच्याच जागेवर भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. निघायला जागाच नाही तर निघेल कुठून? फरशी वाळली की मी खुशाल चालत बाहेर.

मॅडम बघतील तर ओरडतील. पहिलाच धडा मोडायचा आहे. मोडते.

बुधवार, १२ तारीख

ऐक, हळू बोलते. केलं. दारापासून आतपर्यंत. भिंतीला पाठ टेकली. फरशी आरशासारखी, एक ठसा नाही. जिंकले म्हटलं. वाळली की निघते.

वाळत नाही गं. खिडक्या उघड्या आहेत, ऊन थेट फरशीवर पडलंय, तरी—

दाराशी ठसा उमटला. बोटं दाराकडे. टाच माझ्याकडे.

दुसरा.

अगं, भिंत तिची नव्हतीच. मी जिथून सुरू करते तिथून ती— मी दारापासून केलं, तर तीही दारापासून— आणि मी आत. मधे सगळं ओलं.

पोछ्याचा आवाज येतोय. सर. सर. मागे मागे येते. पाठमोरी असणार. मागे वळून बघत नाही. पुसताना आपण तरी कुठे बघतो—

मॅडम आल्या! साहेब पण. हाक मारली मी, दोन्ही हात हलवले. त्यांनी फरशी बघितली, तिचे ठसे दिसलेच नाहीत त्यांना. माझ्याकडेच बघितलं, सरळ, आणि साहेबांना म्हणाल्या, मावशी कामाला पक्क्या आहेत, करून गेल्यासुद्धा. आणि दार ओढून—

नोकरी पक्की झाली बघ.

अर्ध्यावर आली. गार वाटतंय. बूट कधी काढले मी? मला आठवत—

तू आत येऊ नकोस. मी बोलावलं तरी. ओल्यावर पाय द्यायचा नाही, समजलं? आता इथेच राहायचंय, उंबऱ्याबाहेरूनच खाण्याचा डबा सरकव. पाव मऊ बघून घे. केळी घाल. अंडी उकडून, जरा जास्तच पाठव, दोघींना पुरतील अशी. आणि सोलून पाठव गं, आमचे हात ओले—