टाका नसलेलं ऑपरेशन

१२ जाने., सोमवार
संभाजीनगरहून गेवराईला पोचले. डोकं भणभणतंय. आण्णांचा कॅन्सर 'लवकर सापडला', म्हणून जो तो अभिनंदन केल्यासारखं बोलतोय. अ‍ॅसिडिटीसाठी दुर्बीण घातली, तर अन्ननलिकेत डाग. दुर्बिणीवाले डॉ. म्हणतात, तोंडातूनच नळी घालून आतलं अस्तर तेवढं सोलून काढू, दोन-चार दिवसांत घरी. पण पुढे तपासणीला येत राहायचं. सर्जन म्हणतात, अन्ननलिकाच काढू, जठर वर ओढून जोडू. मोठं ऑपरेशन, पण मुळापासून.
दोघं एकाच मजल्यावर बसतात. एकत्र बसून एक काय ते सांगा ना!

१४ जाने.
संक्रांत. वाणाला गेले नाही, उमापूरला माहेरी, आण्णांकडे गेले. ते ऑपरेशनवर अडून बसलेत.
"टाका न्हाई, चिरा न्हाई, मग काढलं काय? हवा?"
"आण्णा, तुमची छाती बघा. जिना चढताना धाप लागते."
"सारा जन्म कंडक्टर म्हणून चकरा मारल्या. आता दुर्बिणीसाठी न्हाई मारायच्या."
दत्ताही त्यांच्याच बाजूनं. "ताई, सारखं खताचं दुकान बंद ठिवून त्यांना कोण नेणार?" मी म्हटलं, मी नेईन. शाळेतल्या रजा संपल्या तर बिनपगारी. त्यावर मोबाईल काढून बसला. माझा भाऊ आहे, पण थोबाडीत द्यावीशी वाटली.

१७ जाने., शनि.
फुंकायची तपासणी. फुप्फुसं बिडीनं खाल्लेली. आता सर्जनच म्हणाले, मोठं ऑपरेशन झेपणं अवघड, आधी दुर्बिणीनंच काढू. हुश्श.
 येताना आण्णांनी बिडी मात्र वाटेत उतरून ओढलीच.

२२ जाने.
काढलं. दुपारी शुद्धीवर आले, गळ्यावर हात फिरवला, मग छातीवर. टाका शोधत होते.
"झालं?"
"झालं."
"फसवलं गं मला."
नर्स हसली. मला नाही आलं हसू.

२६ जाने.
झेंडावंदन उरकून उमापूर. वैशालीनं (दत्ताची बायको) मऊ भात दिला, तर ताट सरकवलं. "भाकर दे." नाही म्हटलं तर आजारी माझ्यामुळेच पडल्यासारखे बघतात. तरी रंग चांगला आहे. गावभर सांगतायत, नुसती नळी घालून बिल लावलं.
बोलू देत. सुटलो एकदाचे.

३ फेब्रु., मंगळ.
सुटलो नाही.
काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट. कडा साफ, पण एका ठिकाणी अस्तराच्या खालच्या थरात शिरलंय. तिथून आसपासच्या गाठींत (लिम्फ नोड) जाऊ शकतं.
"गेलंय का?"
"गेलं असेलच असं नाही. नसेलच असंही सांगता येत नाही."
म्हणजे पुन्हा तेच. मोठं ऑपरेशन, नाहीतर रेडिएशनचा शेक आणि केमोची औषधं, नाहीतर नुसतं लक्ष ठेवायचं. धोका तिन्हीत. डॉ. भले आहेत, चित्र काढून समजावलं. पण मला चित्र नको होतं.
दत्ता फोनवर: "म्हणलं न्हवतं? तेव्हाच चिरलं असतं तर?" तेव्हा चिरलं असतं तर टेबलावरच... जाऊ दे. फोन कापला.

५ फेब्रु.
शाळेत चौथीच्या पोरांवर उगाच खेकसले. आण्णांना अजून सांगितलेलं नाही. दत्ता म्हणतो तू सांग. अस्तर सोलायचा हट्ट तुझा, तू सांग.

८ फेब्रु., रवि.
सांगितलं. ओट्यावर बसले होते. वाटलं ओरडतील, फसवलं म्हणतील. नाही. 
"चिरलं तर जगंन का मी?"
"डॉक्टर म्हणतात, छातीचा धोका आहे."
"आन् न्हाई चिरलं तर?"
"कदाचित काहीच होणार नाही. कदाचित..."
"तू काय केलं असतंस, माझ्या जागी?"
आजवर आण्णांनी मला कशात विचारलं नव्हतं. लग्नात सुद्धा नाही. महिनाभर मी सगळ्यांशी भांडले आणि आता चहा ठेवते म्हणून आत पळाले.
ते थांबलेत. उद्या पुन्हा विचारतो म्हणाले.