पाय लागला तर

मैंदर्गी, ३ जुलै २०२५

चि. भीमाशंकर यास चन्नम्मा आत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व ठीक, गुडघे सोडून. पत्र सांगते मी, लिहिते नात काव्या. ती माझं बोलणं इस्त्री करून लिहिते, तेव्हा शिव्या तू आपल्या मनाने घालून घे. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू नुसता हो आत्या, हो आत्या करतोस.

तुझा शिष्य, म्हणजे माझा नातू शरणबसव, सांगतो की पुण्याला मोठी लढत ठरतेय. समोरचा देशातल्या पहिल्या पाचांतला. ऐकल्यापासून त्याची आई जेवत नाही आणि बाप गावभर पेढे वाटायचा तेवढा बाकी आहे. तू त्याला बॉक्सिंग शिकवतोस, तूच सांग, पोरगं तयार आहे का? आमचं आहे म्हणून गोड लिहू नकोस. साखर मला डॉक्टरने बंद केली आहे.

लोभ आहेच, तो काय भाच्याला सांगावा लागतो?

तुझी आत्या

सोलापूर, ९ जुलै २०२५

ती. आत्यास भीमाशंकरचा शि. सा. न. वि. वि.

साडेबहात्तर किलोच्या आत, म्हणजे मिडलवेटमध्ये, शरणबसवसारखा डावा हात मी आपल्या भागात पाहिला नाही. दम आठ फेऱ्यांना पुरतो. मार बसला तरी चिडत नाही. आजवरच्या सगळ्या लढती जिंकला. पण समोरचे बेताचेच होते, हेही खरं.

अडचण एकच, आणि ती तुमच्या घरची आहे. समोरच्याला पाय लागला की हा उजवा हात हनुवटीवरून काढून छातीला लावतो. नमस्कार करतो, आत्या, रिंगमध्ये! पूर्वी क्वचित व्हायचं. परवा सरावाला डावखुरा आणला. डावखुऱ्यापुढे दोघांचे पुढचे पाय सारखे अडकतात. याने प्रत्येक वेळी नमस्कार केला आणि प्रत्येक वेळी जबड्यावर खाल्ली. पुण्याचाही डावखुराच आहे. तो पहिल्याच फेरीत ओळखेल आणि मुद्दाम पाय देईल. मोडक्या जबड्याचं पोरगं घेऊन तुमच्या दारात यायची माझी हिंमत नाही.

रागावलो तर म्हणतो, अज्जीने शिकवलंय, हात आपोआप जातो. महिनाअखेर पुण्याला कळवायचं आहे. हात थांबला तर हो, नाही तर नाही. त्याला तिकडे पाठवतो आहे.

लोभ आहे तसा ठेवा, रागावून का होईना.

आपला भीमाशंकर

मैंदर्गी, २२ जुलै २०२५

चि. भीमाशंकर यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

पोरगं आलं. आल्या आल्या त्याला सांगितलं, शिकवणारी मी, सोडवणारीही मीच. घंटा व्हायच्या आधी समोरच्याला एकदा मनापासून नमस्कार कर, त्यात पुढचे सगळे पाय आले. त्याने मान डोलावली. मान डोलावण्यात तो तुझ्यावर गेलाय.

मग त्याला शेंगाचटणी कुटायला उखळापाशी उभं केलं, दोन्ही हातांत मुसळ दिलं, आणि येता-जाता पायावर पाय दिला. पाय माझा, तरी नमस्कार त्याचाच! मुसळ आडवं, चटणी अंगणभर. चिमण्यांना लई तिखट लागली असेल. काव्याने पाय दिला. शेजारची सावित्रम्मा तर हौसेने दोनदा देऊन गेली, तिचा काहीतरी जुना राग असणार की.

चौथ्या दिवशी हात मुसळावरून हलला नाही. मी टाच रगडली तरी नाही. त्याने खाली बघितलंसुद्धा नाही. मी शाबास म्हटलं.

काल त्याला स्टँडवर सोडायला गेले. गर्दीत गाडीत चढताना त्याचा बूट माझ्या पायावर पडला, चांगला वजनाने. हात दांडीवरून सुटला नाही. वर गेला, खिडकीशी बसला, हसून हात हलवला. त्याला कळलंही नाही. मी म्हटलं, झाला तयार. घरी येताना मग मी वाटेत दोनदा थांबले. काव्याने विचारलं, अज्जी, पाय दुखतोय का. मी म्हटलं, व्हय, बूट जड होता.

तेव्हा पुण्याला हो कळव. जबडा सांभाळ. लढत झाली की, जिंको नाही तर हरो, त्याला सरळ माझ्याकडे पाठव. वळण मोडलं चार दिवसांत; परत बसवायला वेळ लागेल, आणि शिकवणारी म्हातारी आहे. उशीर करू नकोस.

तुझी आत्या
चन्नम्माचा अंगठा