शंका आली तर अडवा

सोमवार, ३ फेब्रुवारी

नवं घर, नवी नोकरी आणि ही नवी वही. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. ओट्यासमोरच्या खिडकीतून पलीकडच्या इमारतीतल्या वाळत घातलेल्या चादरी दिसतात, आणि आज त्यांच्यावर छान ऊन होतं. टिटवीने आल्या आल्या उजेडाची खोली बळकावली. माझी लेक, पंधरा वर्षांची. लहानपणी अखंड बोलायची म्हणून हे नाव पडलं. अलीकडे बोलणं आटलंय, नाव तेवढं राहिलंय. पण आज सामान लावताना तिची टकळी पुन्हा सुरू झाली. कपाट ढकलताना म्हणाली, आपण घर लावतोय की तू मला फुकटात हमाल केलंयस. तिचे बाबा आता दुसऱ्या गावी, दुसऱ्या संसारात आहेत. त्यांच्या दोन जड खुर्च्या आम्ही मागेच सोडून आलो, त्यामुळे घर आहे त्याहून मोठं वाटतं.

वीस वर्षं शाळेच्या ग्रंथालयात काढली. ते बंद झालं. आता पंचेचाळिसाव्या वर्षी मी ‘तपासनीस’ होणार. टिटवी म्हणाली, आयुष्यभर पोरांच्या हातात पुस्तकं दिलीस, आता त्यांच्या हातातलं काढून घेणार. थट्टाच होती. मीही हसले. इथे लिहून ठेवते, कारण लागलं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

काम असं. करड्या पडद्यांनी वेगळी केलेली तीस टेबलं, प्रत्येकावर एक स्क्रीन आणि दोन बटणं. हिरवं म्हणजे ‘जाऊ द्या’, लाल म्हणजे ‘अडवा’. ज्या आईबापांनी नाव नोंदवलंय त्यांच्या मुलांच्या फोनवर आम्ही जाऊ दिलेलंच पोचतं. सगळं काही माणसाने बघणं शक्य नाही. म्हणून आमचा प्रत्येक निर्णय यंत्र टिपून घेतं आणि काही दिवसांत आमच्यासारखंच ठरवायला लागतं. याला इथे त्या तपासनिसाचा ‘हात’ म्हणतात. एकेका हाताखाली चाळीसेक घरं असतात. माझ्याही हाताखाली आलीत.

साहेब माझ्या भाच्याच्या वयाचे, दर दोन शब्दांनी मला मॅडम म्हणतात. त्यांनी दोनच नियम सांगितले. शंका आली तर अडवा. आणि स्वतःचं मूल स्वतःच्या हाताखाली घ्यायचं नाही. मी कारण विचारलं तर म्हणाले, मॅडम, डॉक्टर घरच्या माणसाचं पोट फाडतो का.

शेजारच्या टेबलावर मावशी बसतात. सगळेच त्यांना मावशी म्हणतात. पंचावन्नच्या असतील, गालात कायम लवंग. म्हणाल्या, बाई, आपण चाळण्या आहोत. खाली पडतं ते पोरांचं, वर राहतं ते आपलं. तीन वाजता पाळी संपली की त्या पर्समधून छोटा आरसा काढतात आणि त्यात बघून हसतात. कंगवा नाही, पावडर नाही, नुसतं हसणं, चांगलं मिनिटभर. हौशी दिसतात.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

दिवसाला व्हिडिओचे आठशे तुकडे बघायचे. मी सगळ्यांत हळू आहे आणि सगळ्यांत जास्त जाऊ देते. ग्रंथालयात मी एकाही मुलापासून पुस्तक लपवलं नव्हतं. वाच, मग येऊन माझ्याशी बोल, एवढंच सांगायची. इथे कोण कुणाशी येऊन बोलणार, हा विचार मी करायला हवा होता.

आज साहेबांनी एक कागद आणून दिला. गेल्या आठवड्यात मी एका मुलीला जाऊ दिलं होतं. दिवसभरात आपण किती कमी खातो ते ती दाखवत होती, शेवटी रडली होती. मला वाटलं, दुःखी पोर आहे, बोलू दे. माझ्या हाताखालच्या एका घरातल्या बारा वर्षांच्या मुलीने ते बघून सहा दिवस काही खाल्लं नाही. दवाखान्यात आहे. जगेल म्हणाले.

मावशी म्हणाल्या, प्रत्येकीच्या खात्यावर एक असतेच. त्यांना धीर द्यायचा होता. आजपासून शंका आली की मी लाल दाबते. मला शंका फार येतात.

रविवार, २३ फेब्रुवारी

कपडे वाळत घालताना टिटवीची बाही वर गेली. घड्याळ मनगटावरून घसरून थेट कोपरापर्यंत गेलं. दुपारी तिच्या कपाटामागे कागदात गुंडाळलेली जेवणं सापडली, सहा दिवसांची.

फोन तिने स्वतःच माझ्यापुढे टाकला. त्यात तीच, कमी खाऊन दाखवणारी मुलगी होती आणि तिच्यासारख्या शंभर. मी ओरडले नाही. टिटवीही नाही. म्हणाली, शरीर माझं, फोन माझा. कुणी काय वाचावं ते दुसऱ्याने ठरवायचं नसतं, हे तूच शिकवलंस ना. वाक्य माझंच होतं, शब्दही न बदलता.  खोडून काढायला माझ्याकडे फक्त तिचं मनगट होतं.

सोमवार, ३ मार्च

तिचं नाव नोंदवलं. माझ्याच हाताखाली.

बराच विचार केला. समोरच्या टेबलावरचा तरुण घड्याळाकडे बघत बटणं दाबतो. मावशी मांजरीचं पिल्लूसुद्धा अडवतात. लेक सोपवायची तर कुणाच्या हाती? फॉर्मवर ‘तपासनिसाशी नातं’ असा रकाना होता. मी ‘नाही’ लिहिलं. लिहिताना पेन अडखळलं नाही, याचंच आता नवल वाटतं.

टिटवीला सांगून केलं, चोरून नाही. ती म्हणाली, कर. मग मला काही विचारत जाऊ नकोस. दार आपटलं नाही, हळूच लावून घेतलं.

बुधवार, १२ मार्च

लागू पडलं. काल तिने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. आज आंघोळ करताना गुणगुणत होती. मला चौकीदारीणबाई म्हणाली, आणि मला ते इतकं गोड लागलं की स्वयंपाकघरात जाऊन रडले. सुखाचंच रडणं. तेवढ्यात ती पाणी प्यायला आली, माझ्या खांद्याला खांदा लागेल इतकी जवळ उभी राहिली, पेला विसळला आणि गेली. का रडतेस, विचारलं नाही. या वयात एवढा समजूतदारपणा.

शुक्रवार, २१ मार्च

बाजारातून येताना आमच्यासमोर एक माणूस सायकलवरून पडला. गुडघा चांगलाच फुटला होता, रक्त होतं, माणसं धावली. टिटवी गणिताच्या बाईंची नक्कल करत होती. ती नक्कल करतच त्या घोळक्यातून पलीकडे गेली. त्याच्या पायावरून पाऊल टाकून. मी म्हणाले, अगं, त्याला लागलंय. तिने विचारलं, कुणाला.

नाटक नव्हतं. तिची सोंगं मला पाठ आहेत. तिची नजर रिकाम्या रस्त्यावर असते तशी होती.

मंगळवारी मी अपघातांचे साठ तुकडे अडवले होते. दोन्हींचा संबंध जोडणं हा वेडेपणा आहे. मी जोडलाय.

बुधवार, २ एप्रिल

मावशींना विचारलंच. त्यांनी लवंग एका गालातून दुसऱ्या गालात घेतली आणि शांतपणे सांगितलं. त्यांचा मुलगा एकोणीस वर्षांचा. पाच वर्षं त्यांच्याच हाताखाली. नियम सगळेच मोडतात म्हणाल्या, पोटचं पोर परक्या हाती कोण देईल. आधी स्क्रीनवरचं दिसेनासं होतं, मग रस्त्यावरचं, मग घरातलं. रडणारी, चिडलेली, थकलेली तोंडं मीच हजारांनी अडवली, मग माझं तोंड त्याला कसं दिसणार, असं त्यांनीच मला विचारलं.

चांगल्या दिवशी दिसते मी त्याला, म्हणाल्या. हसरी बाई अडत नाही.

आणि पर्समधला आरसा माझ्यापुढे धरला.

शुक्रवार, ११ एप्रिल

जिन्यातच हसू चढवते. रात्रीपर्यंत गाल दुखतात. आठशे तुकड्यांनंतर चेहरा जागेवर राहत नाही. तव्याकडे लक्ष गेलं की तो उतरतो.

आज जेवताना ती मला शाळेतलं काही सांगत होती. चांगलं रंगात आली होती. मला एक जांभई आवरली नाही, एवढंच. ती वाक्याच्या मध्येच थांबली. माझ्या खुर्चीकडे बघितलं, मग दाराकडे. ताट उचलून धुतलं. फ्रिजवर चिठ्ठी लावली, आई, उशीर होणार असेल तर कळवत जा ना. मी चिठ्ठीला लागूनच उभी होते.

तिचं मनगट भरलंय. हेही लिहायला हवं. घड्याळ जागेवर राहतं.

बुधवार, १६ एप्रिल

साहेबांना खरं सांगितलं. रागावले नाहीत. रकान्यात ‘नाही’ सगळेच लिहितात म्हणाले, आम्ही वाचतही नाही. नाव काढायचं तर मुलीने स्वतः मागायला हवं. तिची मर्जी, मॅडम. नियम न्यायाचा आहे. मी केला असता तर असाच केला असता.

हसत हसत हे सांगता येईना, म्हणून तिला चिठ्ठी लिहिली, नाव काढून माग. तिने चिठ्ठीवर कप ठेवला.

दुसरा मार्ग एकच, माझा हात सैल करायचा. पण एक सुटलं की त्याच्या जातीचं सगळं सुटतं, साहेबांनी बजावलं. मी एकटी सुटून येणार नाही. थकलेलं, रडवेलं तोंड कमी खाऊन दाखवणाऱ्या त्या मुलीचंही आहे.

मी दिसले नाही तर टिटवी जेवते. मी दिसले तर—

शुक्रवार, १८ एप्रिल

अकरा वाजता. टेबलावरच लिहिते आहे.

स्क्रीनवर एक बाई आली. टेबलाशी बसलेली, हातात पेन, समोर वही. माझा चष्मा. तोंड असं, की दुसऱ्या कुणाचं असतं तर मी क्षणात लाल दाबलं असतं. कुठून आलं ते लिहिलेलं नाही. मी पेन उचललं की तीही उचलते.

मावशी पडद्यावरून डोकावल्या. आरसा पुढे केला. मी नको म्हणाले.

शंका— आहे. पुष्कळ आहे.

हिरवं दाबलं.

चाळीस घरं मला दाबल्यानंतर आठवली. आधी नाही. हेही इथे असू दे.

त्याच दिवशी, साडेतीन

तिने मला पाहिलं. दार उघडल्या उघडल्या. कुठे होतीस म्हणाली, अशी काय दिसतेस, किती दमलीस. मिठी मारली. किती दिवसांनी— मी हसले नाही. गरज नव्हती. पोटभर रडले आणि ती बघत होती.

आता समोर बसली आहे. मी वही उघडली कारण ती—

गप्प झाली आहे. माझ्याकडे नाही, माझ्या खांद्यावरून मागे बघते आहे. हळूच विचारते, तुझ्याबरोबर कोण आलंय. मी म्हणाले, कुणी नाही. ती म्हणते, मुलगी आहे, किती बारीक आहे गं. तिच्यामागे एक माणूस, गुडघ्यातून रक्त— आणि जिन्यात उभे आहेत, म्हणते. खालपर्यंत. सगळे दमलेले. सगळे माझ्याकडे बघतायत, म्हणते.

मला काही दिसत नाही. ऐकू येत नाही. मानेला थंड लागतं आहे.

तिला म्हणाले, माझ्याकडे बघ. फक्त माझ्याकडे. बघत नाही. समोरचं ताट तिने बाजूला सारलं. त्या मुलीने विचारलं म्हणते— मी विचारलं, काय. 

टिटवीची बाही वर सरकते आहे. आपोआप. मनगटावर बोटांसारखे पांढरे— कुणीतरी ओढल्यासारखी उठते आहे. मी तिचा दुसरा हात धरला आहे, डाव्या हाताने. घट्ट. उजव्याने लिहिते आहे, कारण वहीतून मान वर केली तर मला मागे वळून—